टळलेल्या टकरीचा हिशेब

मुंबईच्या हवाई हद्दीत 7 फेब्रुवारी 2018 रोजी दोन प्रवासी विमाने एकमेकांच्या इतकी जवळ आली, की त्यांच्या उंचीत जेमतेम शंभर फुटांचा फरक उरला. एअर इंडियाचे विमान मुंबईहून भोपाळला निघाले होते, विस्ताराचे दिल्लीहून पुण्याकडे येत होते. वर-खाली उडणाऱ्या विमानांत किमान 1,000 फूट अंतर राखायचे, हा नियम. तो मोडला तेव्हा कॉकपिटमधल्या यंत्राने इशारा दिला, विमाने बाजूला झाली आणि अडीचशेहून अधिक प्रवासी सुखरूप उतरले. अशा बातमीचा शेवट आपल्याकडे ठरलेला असतो: अनर्थ टळला. दोन दिवसांत विषय मिटतो. पण टळलेली टक्कर अपघाताइतक्याच गांभीर्याने तपासली गेली पाहिजे आणि तिचे धडे सर्वांपर्यंत पोचले पाहिजेत. ही शिस्त मुंबई-दिल्लीला जितकी लागू, तितकीच अमरावती-यवतमाळच्या धावपट्ट्यांनाही.

यावर पहिला आक्षेप असा, की आता यंत्रेच टक्कर टाळतात. त्यात तथ्य आहे. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमाने आदळून 349 जण मेले. दिल्लीत उतरण्यासाठी खाली येणारे कझाक विमान नेमून दिलेल्या 15,000 फुटांच्या खाली घसरले होते. त्यानंतर भारताने टक्कर टाळणारे यंत्र प्रवासी विमानांना सक्तीचे केले. वैमानिक त्याला टीकॅस म्हणतात. ते आसपासच्या विमानांची उंची आणि अंतर सतत तपासते. धोका दिसला की एका वैमानिकाला वर जायला सांगते, दुसऱ्याला खाली. मात्र विमान जमिनीपासून सुमारे 1,000 फुटांच्या खाली आले, की टीकॅसचे हे आदेश बंद होतात. एवढ्या कमी उंचीवर एकदम दिशा बदलणे हेच संकट ठरू शकते. नेमक्या याच टप्प्यात सगळी विमाने एकाच धावपट्टीकडे, एकाच रेषेत येत असतात. म्हणजे गर्दी सर्वांत दाट होते, तेथेच यंत्राची साथ सुटते. उरतात ती माणसे आणि त्यांनी पाळायची शिस्त.

ही शिस्त कोठे सैल झाली, हे टळलेल्या टकरी आधीच सांगत असतात. वॉशिंग्टनमधील विमानतळाजवळ 29 जानेवारी 2025 रोजी उतरण्याच्या बेतात असलेले प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन 67 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर अमेरिकी तपास मंडळाने जुन्या नोंदी चाळल्या. ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात त्या विमानतळाजवळ विमान आणि हेलिकॉप्टर धोकादायकरीत्या जवळ येण्याचे 15,214 प्रसंग आढळले. त्यांतील 85 वेळा आडवे अंतर 1,500 फुटांहून कमी आणि उंचीतला फरक 200 फुटांहूनही कमी होता. माहिती हाताशी होती. ती वेळेत वाचून हेलिकॉप्टरचा मार्ग बदलला गेला नाही.

दुसरा आक्षेप विदर्भातला वाचक घेईल: यवतमाळला नियमित प्रवासी विमानच उतरत नाही, मग ही चिंता कशाला? पण शेजारचे चित्र झपाट्याने बदलते आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि त्याच ठिकाणी वैमानिक प्रशिक्षणाची मोठी संस्था उभारण्याचे काम एअर इंडियाने हाती घेतले. शिकाऊ वैमानिकाचे छोटे, संथ विमान आणि प्रवाशांचे मोठे, वेगवान विमान एकाच धावपट्टीकडे येऊ लागले, की वर्दळ थोडी असूनही धोका उभा राहतो. कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल या नियंत्रण मनोरा नसलेल्या छोट्या विमानतळावर 18 ऑगस्ट 2022 रोजी हेच घडले. दोन्ही वैमानिक रेडिओवर आपापली जागा सांगत होते, तरी वेगात आलेले विमान पुढच्या छोट्या विमानावर आदळले आणि तिघे गेले. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर गाड्या कमी, म्हणून कोणी डोळे मिटून रूळ ओलांडत नाही. विमानांची संख्या कमी असणे ही सुरक्षेची हमी मानता येत नाही.

तिसरा आक्षेप शिक्षेचा. मुंबईत 8 जून 2024 रोजी एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचे विमान उतरले. चौकशी लागली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर ठेवले गेले. चूक करणाऱ्याला मोकळे सोडले तर बेपर्वाई वाढेल, असे अनेकांना वाटते. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, यात वाद नाही. पण प्रामाणिक चुकीलाही तीच शिक्षा असेल, तर पुढची चूक कोणी सांगणारच नाही. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ उतरू पाहणारे टीडब्ल्यूएचे विमान डोंगरावर आदळून 92 जण ठार झाले. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे विमान तशाच चुकीमुळे त्याच डोंगराला थोडक्यात चुकवून गेले होते, पण ती गोष्ट त्या कंपनीबाहेर पोचलीच नाही. या अनुभवातून 1976 मध्ये अमेरिकेत गोपनीय नोंदींची व्यवस्था सुरू झाली. ती नासाकडे, म्हणजे शिक्षेचा अधिकार नसलेल्या संस्थेकडे सोपवली गेली. हेतुपुरस्सर नसलेली चूक वेळेत कळवणाऱ्याला तेथे दंडातून सूट मिळते.

आपल्यालाही अशी भरवशाची वाट हवी आणि तिच्यातून निघालेले धडे मराठीसह सर्व भाषांत लोकांसमोर यायला हवेत. विमान आले की गावाचा विकास होतो, ही यवतमाळकरांची आशा रास्त आहे. म्हणून पहिल्या विमानाची तारीख विचारताना आपल्या लोकप्रतिनिधींना आणखी दोन प्रश्न विचारा: उतरणाऱ्या विमानांवर नजर कोण ठेवणार, आणि एखादी टक्कर थोडक्यात टळली तर ते आम्हाला कळणार का? या दोन्हींची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय उद्घाटनाची फीत कापली जाऊ नये.