दोन रेघांमधली काळी फट

पेशंट सोनोग्राफीला उपाशीपोटी आलेला असला की अर्धं काम सोपं होतं. उजव्या बरगड्यांखाली जेल लावून प्रोब टेकवायचा आणि सांगायचं, "श्वास आत घ्या, धरून ठेवा." यकृत खाली सरकतं आणि त्याच्या आडोशाचं पित्ताशय पडद्यावर येतं, पित्तानं भरलेलं, काळंभोर. त्यात सुटा खडा असेल तर पांढरा ठिपका आणि मागे सावली दिसते. पेशंटला डाव्या कुशीवर वळवलं की खडा बहुधा घरंगळतो.

पित्ताशय खड्यांनी गच्च भरलेलं असलं, की मात्र कस लागतो. काळं पित्त दिसतच नाही. यकृताखाली नुसती पांढरी कमान, तिच्यामागे अंधार. भिंतीतच कॅल्शियम साचलं असेल, म्हणजे पोर्सिलेन गॉलब्लॅडर असेल, तरी हुबेहूब अशीच कमान दिसू शकते.

अशा वेळी मी घाई करत नाही. डेप्थ कमी करून, फोकस कमानीवर आणून बघते. खडे असतील तर एकीच्या दोन रेघा होतात: वरची भिंतीची, खालची खड्यांची. मधे केसाएवढी काळी फट, उरल्यासुरल्या पित्ताची. भिंतच कॅल्शियमची असेल तर ही फट नसते, सावली थेट भिंतीपासून सुरू होते. कॅल्शियम पातळ असेल तर मागची भिंतही थोडी दिसते. सावली स्वच्छ काळी नसून धुरकट असेल, तर हवेचा संशय घ्यायचा. शेजारच्या आतड्यातली हवा पाणी पाजल्यावर हलते. पण ताप आणि वेदना असलेल्या मधुमेही पेशंटच्या पित्ताशयात हवा दिसली, तर सर्जनला तिथूनच फोन करायचा.

तरी शंका उरलीच तर सीटी. भिंतीतलं कॅल्शियम तिथे स्पष्ट दिसतं. खड्यांचा शोध मात्र सीटीवर सोडू नये, कारण कोलेस्टेरॉलचे काही खडे तिथे पित्तात मिसळून जातात. साध्या एक्स-रेत तर शंभरातले 10 ते 15 खडेच दिसतात.

'पोर्सिलेन' हा शब्द रिपोर्टात वाचला की घरचे मोबाइलवर शोधतात आणि समोर कॅन्सर येतो. जुन्या पुस्तकांत हा धोका फार मोठा सांगितलेला होता. 2001 पासूनच्या अभ्यासांत तो बराच कमी निघाला. आतल्या अस्तरात तुटक साचलेलं कॅल्शियम अधिक काळजीचं, भिंतभर सलग पसरलेलं त्या मानानं कमी. म्हणून कॅल्शियम सलग आहे की तुटक, हे मी रिपोर्टात लिहितेच. ऑपरेशनचं ठरवताना सर्जनला ते लागतं.