सहा डिसेंबर, शिवाजी पार्क आणि तान्हे बाळ

दरवर्षी पाच डिसेंबरला पनवेलच्या वस्त्यांमधून शेजारपाजारची चार-पाच घरे मिळून दादरला निघतात. कुणी टेम्पो ठरवतात, बरेचजण लोकलने जातात. रात्र शिवाजी पार्कच्या मंडपात काढायची आणि पहाटे चैत्यभूमीच्या रांगेला लागायचे, असा बेत असतो. मोठ्या माणसांना एक रात्र चटईवर पडायचे काही वाटत नाही. घरात तान्हे बाळ असले की मात्र त्याच्या आईला सांगितले जाते, तू यंदा राहू दे. बाबासाहेबांना अभिवादन करायचा तिचाही हक्क आहे. तेव्हा बाळाला घेऊन ती रात्र नीट कशी काढता येईल, ते पाहू.

आधी एक स्पष्ट सांगतो. तीन महिन्यांच्या आतले, दिवस भरण्याआधी जन्मलेले, अडीच किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेले किंवा सर्दी-ताप असलेले बाळ त्या गर्दीत नेऊ नये. अशा घराने आपल्या वस्तीतल्या विहारातच वंदना घ्यावी.

पनवेलहून लोकल सुटते, त्यामुळे इथे बसायला जागा मिळते. अडचण कुर्ल्याला गाडी बदलताना होते. पुलावरच्या रेट्यात बाळ खांद्यावर किंवा पाठीशी नको, छातीशी धरावे. ओढणीत बांधले असेल तर त्याचे नाक-तोंड सतत दिसले पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये. मान खाली दुमडली की लहान बाळाचा श्वास अडतो, आणि ते रडतही नाही.

मैदानात पोहोचल्यावर पहिले काम बाळाची जागा ठरवणे. मंडपाच्या आतली, लाऊडस्पीकरपासून दूर आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून आत असलेली जागा घ्यावी. उघड्यावर दव पडते आणि तिथली लाल धूळ बाळाच्या नाकात जाते. खाली प्लास्टिक, त्यावर चटई, त्यावर घट्ट घडी घातलेली एक गोधडी एवढे पुरे. उशी नको. बाळाला उताणेच झोपवावे.

आपल्याकडे अशा वेळी दहा-बारा माणसे एका ओळीत झोपतात आणि बाळाला मध्ये घेतात. मध्ये ऊब राहते हे खरे, पण दमून झोपलेल्या माणसाचा हात किंवा जाड चादर बाळाच्या तोंडावर आली तर त्याला ती बाजूला सारता येत नाही. म्हणून बाळ आईच्या एकाच बाजूला, तिच्या हाताच्या अंतरावर, स्वतःच्या गोधडीवर असावे. त्याच्या दुसऱ्या बाजूला माणूस नको, मोठे भावंडही नको. पिशव्या ठेवायच्या तर ढकलली तरी अंगावर पडणार नाही इतक्या लांब. पाचवे शील पाळणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला लागू नये, पण प्यायलेल्या माणसाला बाळाजवळ झोपू देऊ नये. झोपेचे औषध घेणाऱ्यालाही नाही.

थंडीच्या भीतीने आपण बाळाला फार गुंडाळतो. मुंबईचा डिसेंबर तेवढा कडक नसतो. आपल्या अंगावर जितके कपडे, त्याहून एक थर जास्त, एवढा हिशोब ठेवावा. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नये, मानेमागे हात लावून पाहावे. तिथे घाम असेल तर एक कपडा काढावा. चादर छातीपर्यंतच घेऊन कडा गोधडीखाली दाबाव्यात. फिरताना टोपी हवी, झोपताना नाडीची लोकरी टोपी काढावी. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत असेल तर तोही काढावा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तो असायचे कारण नाहीच, आणि झोपेत तो आवळला जाऊ शकतो.

डासांसाठी छोटी घडीची मच्छरदाणी न्यावी. कॉइल किंवा अगरबत्ती बाळाजवळ लावू नये, शेकोटीपाशीही त्याला नेऊ नये.

आता झोपेचे. घरी बाळ आठ वाजता झोपत असेल तर तिथेही आठलाच तयारी करावी, आणि घरच्याच क्रमाने. ओल्या फडक्याने अंग पुसणे, कपडे बदलणे, दूध, मग आजीच्या आवाजातले रोजचे गाणे. घरातली न धुतलेली गोधडी न्या, तिच्या वासाने बाळ लवकर शांत होते. तरीही ते तासभर उशिरा झोपले तर बिघडत नाही. झोपावे म्हणून खोकल्याचे औषध किंवा कुणी दिलेली गुटी मात्र पाजू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणीही नको. मोठ्या बाळाला घरून नेलेले उकळलेले पाणी आणि केळे द्यावे.

मित्रमंडळी बरोबर असली की वाटते, एवढी माणसे आहेत, बाळाकडे कुणीतरी बघेलच. प्रत्येकाला तसेच वाटते, आणि कुणीच बघत नाही. म्हणून निघण्याआधीच जागण्याच्या वेळा नावानिशी ठरवाव्यात. दहा ते एक बाप, एक ते चार मावशी, असे. जागणाऱ्याने मोबाईलमध्ये डोके घालायचे नाही. बापाचे नाव यादीत पहिले असावे, असा आमचा आग्रह आहे. आईला सलग तीन तास झोप मिळाली तरच ती पहाटे रांगेत उभी राहू शकते.

अभिवादनाची रांग कित्येक तास चालते. बाळाला तिथल्या दाटीत नेऊ नये. दोन मोठी माणसे बाळाजवळ थांबावीत, बाकीच्यांनी जाऊन यावे, मग बदल करावा. पहिल्या तुकडीत आई असावी, निघण्याआधी पोटभर पाजून. बाळाच्या झबल्याच्या आतल्या बाजूला आईबापाचा मोबाईल नंबर धाग्याने शिवून घ्यावा, पिन लावू नये.

मैदानात महापालिकेचा आरोग्य कक्ष असतो. तो कुठे आहे, हे उजेड असतानाच पाहून ठेवावे. बाळ दूध ओढेनासे झाले, श्वास भराभर चालला, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, किंवा हलवूनही ते नीट जागे होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच कक्षात न्यावे, किंवा १०८ ला फोन करावा.