धुक्यात बळ काय कामाचे?

मार्गशीर्ष लागला की किनारपट्टीवरील मोटारी घाट चढू लागतात. दत्तजयंतीला नरसोबाची वाडी, पौर्णिमेला सौंदत्ती, अमावास्येला आदमापूर, सवडीने कोल्हापूरची अंबाबाई आणि लग्नाच्या खरेदीसाठी बेळगावची बाजारपेठ, अशी निमित्ते पुष्कळ. चोर्ला, अनमोड किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट ओलांडला की हवा पालटते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेले. तेथून संकेश्वर, निपाणीपर्यंतचा मुलूख नद्यांचा, उसाचा आणि तंबाखूचा. पौष-माघातल्या पहाटे या पट्ट्यावर कधी कधी असे दाट धुके उतरते की मोटारीच्या टपावरून पुढचा रस्ता शोधावा लागेल. अशा प्रवासासाठी मोटार कोणती घ्यावी, हा विषय आता सुस्थितीतील कुटुंबांत गांभीर्याने चर्चिला जातो. आणि ‘चारही चाकांना जोर असलेली गाडी घ्या, म्हणजे घाटाची व थंडीची चिंता मिटली’, असा सल्ला सर्रास दिला जातो. या सल्ल्याची छाननी करणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्यात काही लाख रुपयांचा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे.

साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांकडे जाते. ती दोन चाके चिखलात वा बर्फात घसरू लागली की गाडी जागच्या जागी अडते. ‘फोर व्हील ड्राइव्ह’ यंत्रणेत ही शक्ती चारही चाकांना मिळते. दोन घसरली तरी उरलेली दोन गाडी ओढून काढतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन जीपने या यंत्रणेचे सामर्थ्य जगाला दाखविले. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रांनी त्याच जीपची जुळणी सुरू केली आणि १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. गुळगुळीत रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींत या यंत्रणेला मान मिळाला तो मात्र १९८० मध्ये ऑडी कंपनीने ‘क्वाट्रो’ बाजारात आणल्यावर. आज महागड्या सेडान मोटारींतही ती मिळते आणि जाहिरातीत तिचे चित्र बहुधा हिमशिखरांच्या पार्श्वभूमीवर काढलेले असते.

या चित्रात एक गोष्ट दिसत नाही. चारही चाकांचा जोर गाडी सुटण्यासाठी आणि चढण्यासाठी आहे, थांबण्यासाठी नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांनाच असतात. त्या बाबतीत महागडी गाडी आणि साधी गाडी यांत या यंत्रणेमुळे तिळमात्र फरक पडत नाही. वळणावर गाडी रस्ता सोडते की धरते, हे अखेर ठरते टायर आणि वेग यांवर. उलट या यंत्रणेचे वजन वाढते, इंधन अधिक लागते, आणि ‘आपली गाडी कोठेही जाईल’ हा फाजील आत्मविश्वास चालकाच्या पायात उतरतो. ज्या देशांत खरोखरीच बर्फ पडतो त्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर हिवाळी टायर बसविणे कायद्याने बंधनकारक आहे; चारही चाकांना जोर असलेली गाडी घेण्याची सक्ती तेथे कोणी केलेली नाही. हे टायर साधारण सात अंशांखालच्या थंडीसाठी केलेले असतात. बेळगावात पारा दहा अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. तेव्हा तेही आपल्या उपयोगाचे नाहीत.

मग सीमाभागातल्या थंडीत धोका आहे तरी कोणता? तो आहे धुके आणि ऊस यांच्या संगमात. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा साखर कारखान्यांचा गळिताचा हंगाम. संकेश्वरचा हिरण्यकेशी, निपाणीचा हालसिद्धनाथ, चिकोडीचा दूधगंगा आणि सीमेपलीकडचे कागल परिसरातील कारखाने यांच्याकडे रात्रंदिवस उसाची रीघ लागलेली असते. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणाऱ्या उसाने झाकला गेलेला मागचा दिवा, असलाच तर धुळीने माखलेला परावर्तक, आणि गती पायी चालणाऱ्यापेक्षा थोडी अधिक. टायर फुटलेली ट्रॉली चाकाला दगड लावून रस्त्याच्या कडेला उभी असते; ती गेल्यावर दगड तेवढे मागे राहतात. अशा ट्रॉलीवर मागून मोटार आदळल्याची बातमी आली नाही असा हंगाम सहसा जात नाही.

येथे थोडे गणित केले पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला आणि कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक लागले, तरी थांबण्यास आणखी पस्तीस-छत्तीस मीटर लागतात. एकूण अंतर सुमारे ५८ मीटर. धुक्यात पन्नास मीटरच दिसत असेल तर टक्कर अटळ आहे. तीच मोटार ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. या हिशेबात किती चाकांना जोर आहे हा आकडा कोठेच येत नाही. धुक्यासाठी ही यंत्रणा घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

याचा अर्थ ही यंत्रणा निरुपयोगी आहे असा कोणी काढू नये. ज्याचे रान निपाणीच्या काळ्या जमिनीत आहे, ज्याला पावसाळ्यात कणकुंबी-आंबोलीच्या आडवाटांनी वाडीवस्तीवर जावे लागते, त्या शेतकऱ्याला, वनखात्याच्या कर्मचाऱ्याला, डॉक्टरला ती खरीखुरी साथ देते. मात्र जीपच्या जातीच्या पुष्कळ गाड्यांत हा जोर गरजेपुरता हाताने जोडावयाचा असतो. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. कोरड्या डांबरावर दोन्ही आस एकत्र जखडले तर यंत्रणेवर ताण येतो आणि गाडी वळणास कुरकुरते. म्हणजे घाटातल्या कोरड्या रस्त्यावर, जेथे तिचा अभिमान मिरवावयाचा, तेथेच ती बंद ठेवावी लागते. वर्षातून दोन वेळा देवदर्शनास निघणाऱ्या कुटुंबाने तिच्यासाठी कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याच पैशाच्या अल्पांशात पुष्कळ काही साधते. टायरच्या खाचा झिजण्यापूर्वी चारही टायर बदलावेत, ब्रेक तपासून घ्यावेत, काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवावी, खाली बसविलेले धुक्याचे दिवे असावेत. धुक्यात मुख्य दिवा वर टाकू नये. तो प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोन तास उशिरा निघणे. काकडआरती चुकली तरी देव रागावणार नाही. ऊन वर आल्यावर तवंदीचा घाट उतरणाऱ्या भक्तालाही तो तितकाच पावेल.

परंतु सारा भार प्रवाशावर टाकून शासनास मोकळे होता येणार नाही. ट्रॉलीमागे तांबडा दिवा आणि परावर्तक असावेत हा नियम नवा नाही. त्याची अंमलबजावणी कोठे अडते हा प्रश्न आहे. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. भरलेली ट्रॉली अडविली तर ऊस वाळून वजन घटेल आणि भुर्दंड शेतकऱ्यास बसेल. म्हणून रिकामी होऊन परतताना तिला परावर्तक पट्टी लावूनच फाटकाबाहेर सोडावे. खर्च कारखान्याने करावा आणि वाहतूक ठेकेदाराच्या बिलात धरावा. उसाचे शेंडे झाकणार नाहीत अशा जागी, बाजूंनाही, पट्ट्या हव्यात.

अडचण अशी की हा ऊस राज्याची सीमा मानीत नाही. कर्नाटकातला ऊस महाराष्ट्रात जातो, महाराष्ट्रातला कर्नाटकात येतो, आणि त्या रस्त्याने मोटार गोव्याची धावते. एका बाजूचे अधिकारी दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवितात. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागातील मराठी माणूस अशा टोलवाटोलवीस सरावला आहे. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. परावर्तकासाठी मात्र कोणत्याही न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. बेळगाव व कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी गळितापूर्वी एकत्र बसून एकच आदेश काढावा, आणि गोवा शासनाने आपल्या नागरिकांच्या वतीने त्याचा आग्रह धरावा. ट्रॉलीवर झोपेला आवर घालीत बसलेला ट्रॅक्टरचालक आणि मागून येणाऱ्या मोटारीतले कुटुंब, दोघांचेही प्राण त्या हातभर पट्टीवर अवलंबून आहेत.