तपासून पाहता येणारा फोन

जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह पृथ्वीभोवती दिवसाला दोन फेऱ्या घालत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ आहे आणि प्रत्येक जण अखंड एकच घोष करत असतो: मी अमुक उपग्रह, मी आत्ता इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. हा निरोप सेकंदाच्या साधारण सात शतांश भागात आपल्या फोनपर्यंत येतो. फोन किमान चार उपग्रहांचं बोलणं ऐकतो, कोणाचा निरोप किती उशिरा पोचला ते ताडतो आणि आपण सिंहगडाच्या पायथ्याशी आहोत की खडकवासल्याच्या धरणावर, याचं गणित स्वतःच सोडवतो. यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही, की त्या उपग्रहाला आपला पत्ताही लागत नाही. फोन त्याला एक अक्षर पाठवत नाही. तो फक्त ऐकतो.

मग आपण कुठे आहोत हे इतक्या जणांना कळतं कसं? मोबाइल कंपनीला आपण कोणत्या टॉवरच्या टप्प्यात आहोत ते ठाऊक असावंच लागतं, नाहीतर फोन वाजणार नाही. बाकीच्यांना ही बातमी बहुतेकदा फोनमधली अ‍ॅप्स पुरवतात. म्हणूनच कोणतं अ‍ॅप ठेवायचं हा निर्णय दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. नकाशाचं अ‍ॅप बदललं, तर तोच फोन, तेच उपग्रह, तेच गणित, आणि तरीही आपला रस्ता नकाशा देणाऱ्याला कळत नाही!

विजेरीला पत्ता कशाला हवा?

‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट फ्री’ नावाचं एक अँड्रॉइड अ‍ॅप होतं. काम एकच, फोनचा दिवा लावणं. कोट्यवधी लोकांनी ते घेतलं होतं. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहीर केलं की हे अ‍ॅप वापरणाऱ्याचा नेमका ठावठिकाणा आणि फोनची ओळख पटवणारा क्रमांक जाहिरात कंपन्यांकडे पोचवत होतं. अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की अटी समोर येत आणि ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे दोन पर्याय दिसत. पण बोट कुठेही टेकण्याआधीच माहिती निघून गेलेली असे.

अशा प्रसंगी आपण परवानग्यांवर विसंबतो. कॅमेरा, माइक, लोकेशन यांसाठी फोन आपल्याला विचारतो. पण एक परवानगी अँड्रॉइड सहसा विचारत नाही, ती म्हणजे इंटरनेट वापरण्याची. अ‍ॅपने ती मागितली की इन्स्टॉल होतानाच ती आपोआप मिळते. अ‍ॅपला काय दिसतं यावर आपला थोडाफार ताबा असतो, पण जे दिसलं ते बाहेर पाठवायचं की नाही हे ज्याने अ‍ॅप बनवलं त्याच्या हाती राहतं.

त्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, की त्याने काय बनवलंय ते उघडून पाहायचं? इथून मुक्त आणि खुल्या सॉफ्टवेअरची गोष्ट सुरू होते.

सगळं उघड, तरीही सुरक्षित

प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. आपल्या फोनवर मात्र त्याचं यंत्रासाठी केलेलं रूप येतं, शून्य आणि एक यांचा गठ्ठा. मूळ लिखाण, म्हणजे सोर्स कोड, बहुतेक कंपन्या स्वतःजवळ ठेवतात. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा करून याला आव्हान दिलं. प्रोग्राम हवा तसा वापरावा, तो कसा चालतो ते अभ्यासावं आणि हवं तर बदलावं, इतरांना वाटावा, बदललेलाही वाटावा, हे वापरणाऱ्याचे हक्क आहेत असं त्याने ठामपणे मांडलं.

पण कोड साऱ्या जगासमोर ठेवला तर चोरांचं फावणार नाही का? या शंकेचं उत्तर संगणकाच्याही आधी दिलं गेलं आहे. ऑगस्त केर्कहॉफ्स या मूळच्या डच भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनावर फ्रेंचमध्ये एक निबंध लिहिला. गुप्त संदेशांची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित राहावी ती फक्त किल्ली, असं तत्त्व त्याने त्यात मांडलं. आजच्या सगळ्या गंभीर कूटशास्त्राचा पाया हाच आहे. पद्धत उघड असते, म्हणून जगभरचे गणिती आणि अभियंते ती मोडून पाहतात आणि इतक्या जणांच्या हल्ल्यांतून जी टिकते तिच्यावर आपण भरवसा ठेवतो.

‘सिग्नल’ हे निरोपांचं अ‍ॅप या तत्त्वाचं लखलखीत उदाहरण आहे. त्याचा कोड खुला आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या एका ग्रँड ज्युरीने सिग्नलच्या निर्मात्यांकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली. त्यातल्या एकाचंच सिग्नलवर खातं होतं. त्या खात्याबद्दल निर्मात्यांना दोनच गोष्टी देता आल्या, खातं कधी उघडलं ती वेळ आणि शेवटचा संपर्क कधी झाला ते. संपर्कयादी, गट, निरोप यांतलं काहीही त्यांच्याजवळ नव्हतं. अ‍ॅपची रचनाच अशी होती की ही माहिती त्यांच्यापर्यंत येऊच नये. याच सिग्नलची कूटपद्धत व्हॉट्सअ‍ॅपनेही घेतली आणि २०१६ मध्ये ती सर्वांना लागू केली, त्यामुळे तिथलाही मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. फरक आहे तो असा, की व्हॉट्सअ‍ॅपचं अ‍ॅप स्वतः बंद आहे, आणि कोण कोणाशी केव्हा बोललं याची काय नोंद राहते यासाठी आपल्याला कंपनीच्या शब्दावर राहावं लागतं.

दाखवला तो कोड, दिलं ते अ‍ॅप

आता चोखंदळ वाचक विचारेल, दाखवलेला कोड आणि माझ्या फोनवर आलेलं अ‍ॅप एकच आहे कशावरून? दाखवायला एक आणि द्यायला दुसरंच असलं तर?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला अभियंत्यांनी अनेक वर्षं घालवली आहेत. एकाच कोडपासून दोन संगणकांवर अ‍ॅप बनवलं तर ती दोन अ‍ॅप्स सहसा तंतोतंत सारखी निघत नाहीत. कुठे बनवल्याची वेळ आत शिरते, कुठे फायलींचा क्रम बदलतो. ही प्रत्येक बारीक गोष्ट शोधून काढून अशी शिस्त बसवायची, की जगात कुणीही, कुठेही, त्याच कोडपासून अ‍ॅप बनवलं तरी शेवटच्या बिटपर्यंत तेच निघावं. येवल्यातल्या दोन विणकरांनी दोन मागांवर एकाच नक्षीच्या पैठण्या विणाव्यात आणि एकीवर दुसरी अंथरली तर एक धागाही इकडचा तिकडे नसावा, इतकी ही शिस्त कडक आहे. त्यातून मिळतं काय? विश्वास ठेवण्याऐवजी पडताळा घेता येतो. सिग्नलने आपल्या अँड्रॉइड अ‍ॅपसाठी २०१६ मध्येच ही सोय केली.

या पडताळ्याची किंमत मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाला कळली. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता डेटाबेसच्या चाचण्या घेत होता. संगणकात लॉग इन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तो धागा सोडला नाही. शोधता शोधता त्याला दिसलं की ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरदरवाजा बसवलेला आहे. तो बसवणाऱ्याने दोन वर्षांहून जास्त काळ इमानदारीने काम करून विश्वास कमावला होता. आणि चोरदरवाजा चालू करणारा दुवा खुल्या कोडच्या भांडारात नव्हताच. वाटण्यासाठी बनवलेल्या गठ्ठ्यातच तो गुपचूप घातलेला होता, म्हणजे दाखवायला एक, द्यायला दुसरं. खुल्या सॉफ्टवेअरमध्येही घात होऊ शकतो, हे त्या घटनेने बजावलं. पण त्या अर्ध्या सेकंदाच्या मागावर निघालेल्या एका माणसाला कुणाची परवानगी न मागता थेट मुळापर्यंत जाता आलं, हेही तिनेच दाखवलं.

अँड्रॉइडवर अशी अ‍ॅप्स शोधण्याची जागा म्हणजे ‘एफ-ड्रॉइड’. किअरन गल्टनिएक्स यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं हे भांडार मुख्यतः स्वयंसेवक आणि देणग्या यांवर चालतं. त्याच्या संकेतस्थळावरून ते फोनवर घेता येतं. तिथे खातं उघडावं लागत नाही, ईमेल द्यावा लागत नाही. इथली अ‍ॅप्स एफ-ड्रॉइडवाले सोर्स कोडपासून स्वतः बनवतात, किंवा आपण बनवलेलं अ‍ॅप निर्मात्याच्या अ‍ॅपशी ताडून पाहतात. एखादं अ‍ॅप पाळत ठेवत असेल, जाहिराती दाखवत असेल किंवा एखाद्या बंद सेवेवर अवलंबून असेल, तर तसा स्पष्ट इशारा त्याच्या पानावर असतो. विक्रेत्यानेच मालातले दोष आधी सांगावेत ही रीत किती दुर्मिळ आहे! बाहेरच्या अ‍ॅप्ससाठी फ्रान्समधली ‘एक्सोडस प्रायव्हसी’ ही संस्था २०१७ पासून असंच काम करते आहे. अ‍ॅपचं नाव दिलं की त्यात कोणाकोणाचे ट्रॅकर सापडले आणि ते कोणत्या परवानग्या मागतं, याचा अहवाल समोर येतो.

कुठून सुरुवात करावी

कीबोर्डपासून करावी. कारण पासवर्डपासून प्रेमपत्रापर्यंत सगळं त्याच्या नजरेखालून जातं. ‘हेलिबोर्ड’ या खुल्या कीबोर्डने इंटरनेटची परवानगीच घेतलेली नाही. त्याला बाहेर बोलायला तोंडच नाही! शब्द सुचवण्यात तो मोठ्या कंपन्यांच्या कीबोर्डइतका चलाख वाटणार नाही, पण लिहिलेलं तुमच्याजवळच राहील.

मग नकाशा. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला, तेव्हा सामान्य माणसं सगळ्या जगाचा नकाशा काढतील ही कल्पनाच वेडी वाटावी अशी होती. आज त्याचे नोंदणीकृत सदस्य एक कोटीहून अधिक आहेत. ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ आणि ‘ओएसएमअँड’ ही खुली अ‍ॅप्स हाच नकाशा वापरतात. आपल्या भागाचा नकाशा घरी वाय-फायवर एकदा उतरवून घेतला, की ताम्हिणीच्या घाटात रेंज गेली तरी शोध आणि रस्ता दोन्ही फोनमध्येच चालतात. वाहतूक कुठे तुंबली आहे ते कळत नाही, कारण ते कळण्यासाठी हजारो लोकांच्या हालचाली कुणालातरी गोळा कराव्या लागतात.

खात्यांना पासवर्डखेरीज दुसरं कुलूप लावण्यासाठी ‘एजिस’ हे अ‍ॅप घ्यावं. दर तीस सेकंदांनी बदलणारा त्याचा सहा आकडी अंक कुठूनही येत नाही. सुरुवातीला क्यूआर कोडमधून मिळालेलं गुपित आणि आत्ताची वेळ या दोहोंवरून फोन तो काढतो. त्याच क्षणी दूरच्या सर्व्हरवरही तेच गणित होतं, आणि दोघांचं उत्तर जुळतं. फोन विमान मोडवर असला तरीही! फक्त बॅकअप घेऊन ठेवायला हवा. पासवर्डसाठी ‘कीपासडीएक्स’ आहे, त्याची कुलूपबंद फाइल आपल्याच ताब्यात राहते.

ब्राउझर म्हणून फायरफॉक्स घ्यावा आणि त्यात ‘यूब्लॉक ओरिजिन’ जोडावा. जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं हे साधन रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये आणलं, आणि ते त्यासाठी देणगीही घेत नाहीत. व्हिडिओसाठी व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल या महाविद्यालयात १९९६ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून तो आला आणि २००१ पासून खुला आहे. सिग्नल एफ-ड्रॉइडच्या मुख्य भांडारात नाही, तो प्ले स्टोअरवरून किंवा त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. आयफोनवर एफ-ड्रॉइड चालत नाही, पण सिग्नल, ऑर्गॅनिक मॅप्स, व्हीएलसी तिथेही मिळतात.

बँकेचं अ‍ॅप, यूपीआय, घरच्यांचा आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट यांना खुले पर्याय सहजी मिळणार नाहीत. ते राहू द्यावेत. सगळा फोन एका रात्रीत बदलायची गरज नाही. एक बंद अ‍ॅप गेलं आणि त्या जागी एक खुलं आलं, की पाळतीचा एक डोळा मिटतो. आणि अ‍ॅप खुलं आहे एवढ्यावरही थांबू नये. ते नियमित सुधारलं जातंय का, मागितलेल्या परवानग्या त्याच्या कामाशी जुळतात का, हे पाहावं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा आपला मूलभूत हक्क आहे. हक्क कागदावरून हातात यायचा तर तपासण्याची सोय हवी. २०२० मध्ये करोनाकाळातलं सरकारी अ‍ॅप आरोग्य सेतू आलं तेव्हा त्याचा कोड दाखवा अशी मागणी झाली, आणि २६ मे रोजी अँड्रॉइड आवृत्तीचा कोड जाहीर झाला. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ या उत्तरावर समाधान न मानणारे लोक असले की काय होऊ शकतं, याचं हे आपल्याकडचं उदाहरण.

या साऱ्यात सहभागी व्हायला प्रोग्रामर असावं लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक जागेच्या मराठी नावासाठी वेगळी नोंद करता येते. आपल्या गावातल्या पाणवठ्याचं, वाडीचं, देवराईचं नाव तिथे देवनागरीत लिहिणं हे एखाद्या शाळकरी मुलीलाही जमेल असं काम आहे. एफ-ड्रॉइड आणि अशी कितीतरी अ‍ॅप्स मराठीत आणायचं भाषांतर ब्राउझरमध्ये बसून करता येतं. ज्यांना कोड वाचता येतो त्यांनी तो वाचावा, आणि ज्यांना येत नाही त्यांनी मराठी नीट लिहावी. आपण वापरतो त्या वस्तूच्या घडणीत आपलाही हात लागावा, ही मुभा बंद अ‍ॅप कधीच देत नाही. खासगीपणा हवा म्हणून या वाटेला लागलेल्या माणसाला मिळणारी ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.