फाटकामागची मोटर

रावेतमध्ये नवी सोसायटी ताब्यात आली की कमिटीपुढे तीन विषय हमखास येतात: पाणी, पार्किंग आणि गेट. पहिल्या दोहोंवर सगळेच तावातावाने बोलतात. गेटची पाळी आली की तीन कोटेशनं फिरतात आणि सर्वांत स्वस्त पास होतं. मोटर एसी की डीसी, ही ओळ त्यात असते, पण ती वाचतो कोण?

सरकत्या गेटचं यंत्र तसं साधं. गेटच्या खालच्या कडेला दातेरी पट्टी म्हणजे रॅक, तिच्यात अडकलेलं पिनियन, त्यामागे वर्म गिअर आणि मोटर. एसी मोटर ही घरातल्या पाण्याच्या पंपाच्या जातीची: सिंगल फेज, २३० व्होल्ट, जोडीला कपॅसिटर. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची अशी मोटर मिनिटाला साधारण १४०० फेरे घेते. गिअरने तो वेग तीस पटींनी उतरवला आणि पिनियनच्या एका फेऱ्यात गेट वीस सेंटिमीटर सरकलं, तर मिनिटाला सव्वानऊ मीटर होतात. सहा मीटरचं गेट उघडायला चाळीस सेकंद, मिटायला तेवढेच. वेग विजेच्या वारंवारतेला बांधलेला असल्याने साधी एसी मोटर शेवटी हळू होत नाही. गेट भरधाव येतं आणि हिसक्याने थांबतं.

खरी मेख मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या ड्यूटी सायकलमध्ये आहे. ती ३० टक्के असेल, तर मोटरीने तासातली अठरा मिनिटंच फिरायचं. ऐंशी सेकंदांच्या हिशेबाने तेरा वेळा उघडझाप झाली की कोटा संपला. दोनशे फ्लॅटच्या सोसायटीतून सकाळी हिंजवडीला तेरा गाड्या निघायला कितीसा वेळ लागतो? वाइंडिंग तापतं, आतला थर्मल स्विच वीज तोडतो आणि वॉचमन गेट हाताने ढकलत बसतो. मोटर जळाली म्हणून व्हॉट्सअॅपवर आरडाओरडा होतो, तेव्हा खरं तर ती जळण्यापासून वाचलेली असते.

डीसी मोटर बहुधा २४ व्होल्टची. व्होल्टेज कमी-जास्त केलं की वेग बदलतो, म्हणून गेट जोरात निघून शेवटच्या हातभर अंतरात सावकाश येतं. अडथळा लागला की तिचा करंट वाढतो. बोर्डला ते कळतं आणि गेट मागे फिरतं. मिटत्या गेटने माणसाला किती जोराने दाबलेलं चालेल, याची मर्यादा युरोपच्या ईएन १२४५३ या मानकात घातलेली आहे. ज्या गेटपाशी संध्याकाळी मुलं सायकली फिरवतात, तिथे मला हा एकच मुद्दा पुरेसा वाटतो. शिवाय बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की वीज गेली तरी गेट चालतं. आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांची सुटी गुरुवारी, त्यामुळे महावितरणची देखभालीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात. त्या दिवशी एसीवाल्यांना गेट मोटरीपासून सोडवून हाताने ढकलण्यासाठी रिलीजची चावी शोधावी लागते, आणि ती नेमकी सेक्रेटरींच्या कपाटात असते. घरगुती स्वस्त इन्व्हर्टरवर एसी मोटर चालवू पाहाल तर ती गुणगुणते आणि तापते.

डीसीची दुखणी निराळी. मोटरीपेक्षा बोर्ड नाजूक. पावसाळ्यात ऊब शोधत पाल आत शिरते, दोन टोकांना चिकटते आणि बोर्ड गेला. तो कंपनीकडूनच आणावा लागतो. बॅटऱ्या दर काही वर्षांनी बदलायच्या, ब्रशवाल्या मोटरीचे कार्बन झिजायचे. याउलट एसी मोटर नुसती गुरगुरते आणि हलत नाही, तेव्हा बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. वाइंडिंगच गेलं तर भोसरी-चिंचवडमध्ये भरून देणारे कारागीर आहेत. हा फायदा कोटेशनमध्ये छापलेला नसतो, पण लहान नाही.

रावेतकरांना हा वाद तसा नवा नाही. जवळच्या आकुर्डी स्थानकावरून जाणारा मुंबई-पुणे लोहमार्ग १९३० च्या सुमारास १५०० व्होल्ट डीसीवर चालू लागला; दख्खनची राणी ही गाडीही १९३० चीच. आता त्याच मार्गावर २५ हजार व्होल्टची एसी वीज आहे.

चाकणच्या कारखान्याला मात्र डीसीचा आग्रह धरू नये. तिथे कंटेनर जाईल एवढं रुंद, टनभर वजनाचं गेट, थ्री फेज जोडणी आणि वीज गेली तर जनरेटर हजर. अशा ठिकाणी थ्री फेज एसी मोटर बसवावी आणि सावकाश सुरू-बंद होण्यासाठी ड्राइव्ह लावावा. प्राधिकरणातल्या बंगल्याला दिवसातून पाच-सहा वेळा गेट उघडायचं असतं. तापण्याची भीती नाही, म्हणून निवड वीज किती वेळा जाते यावर करावी. रावेतच्या सोसायटीला डीसी, तीही भरपूर ड्यूटी सायकलची. वर्दळ फारच असेल तर दिवसा गेट उघडं ठेवून बूम बॅरिअर लावावा.

कोटेशन मागवण्याआधी एक काम कमिटीने स्वतःच करावं. बांधकामाची खडी अजून जमिनीतल्या चॅनेलमध्ये असेल ती काढावी, चाकांची बेअरिंगं बदलावीत आणि गेट एका हाताने सरकतं का ते पाहावं. सरकत नसेल तर फॅब्रिकेटरला बोलवावं, मोटरवाल्याला नंतर.