एका मिलिसेकंदाचं वर्ष

संगणकातली उपकरणं जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस या बसच्या पाचव्या पिढीत एका लेनवरून सेकंदाला ३२ अब्ज बिट धावतात. सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले, तर त्यातले सव्वाएकतीस एका बिटाच्या वाट्याला येतात. तेवढ्यात निर्वात पोकळीतला प्रकाशही नऊ-साडेनऊ मिलिमीटरच जातो. असल्या आकड्यांवर आपण नुसती मान डोलावतो, म्हणून जरा वेगळा हिशेब मांडू. एका बिटाला एक सेकंद धरायचा. मग खऱ्या जगातला एक मिलिसेकंद होतो ३ कोटी २० लाख सेकंदांचा, म्हणजे ३७० दिवसांचा. एक वर्ष आणि वर पाच दिवस.

या बससाठी ऑपरेटिंग सिस्टीमचा ड्रायव्हर लिहायचा (‘बस ड्रायव्हर लिहितो’ असं घरी सांगून बघा) तर आधी हजेरी घ्यावी लागते. २५६ बस, प्रत्येकीवर ३२ उपकरणं, प्रत्येकात ८ फंक्शन: एकूण ६५,५३६ बाकं. एकेका बाकाला विचारायचं, तुझा निर्माता कोण? इंटेलचं उपकरण असेल तर हेक्साडेसिमलमध्ये ८०८६ असं उत्तर येतं. आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा क्रमांकच कंपनीनं ओळख म्हणून घेतलाय. बाक रिकामं असेल तर सगळे बिट एक. साध्या लॅपटॉपवर जेमतेम दोन-अडीच डझन जण ‘हजर’ म्हणतात, पण प्रत्येक बाकामागे ४,०९६ बाइट राखलेले असल्यानं या हजेरीपटाला २५६ मेगाबाइटचे पत्ते लागतात. १९९२ साली मूळ पीसीआयचं पहिलं मानक निघालं, तेव्हा घरच्या संगणकात चार-आठ मेगाबाइट मेमरी असली तरी पुष्कळ वाटायची.

हजेरीआधी थांबावंही लागतं. रीसेट केल्यावर उपकरणाला काही विचारण्याआधी १०० मिलिसेकंद द्यायचे, असा नियम आहे. आपल्या हिशेबात शंभर वर्षं. त्यानंतरही उपकरण ‘अजून तयार नाही, पुन्हा विचारा’ असं म्हणू शकतं आणि त्यासाठी त्याला रीसेटपासून एकूण एक सेकंदापर्यंत मुभा असते. म्हणजे हजार वर्षं. ज्ञानेश्वरी लिहून झाल्याला अजून साडेसातशेही झालेली नाहीत.

मला सगळ्यात चकित करतो तो चुकांचा आकडा. लाख कोटी बिटांमागे एखादा बिट चुकला तर ते मानकाला मान्य आहे. ऐकायला हे फार कडक वाटतं. पण सेकंदाला ३२ अब्जांच्या वेगानं लाख कोटी बिट जायला लागतात फक्त सव्वाएकतीस सेकंद! ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेन धरल्या तर दर दोन सेकंदांना एक चूक नियमात बसते. म्हणून प्रत्येक पाकिटासोबत ताळा पाठवतात. तो जुळला नाही की हार्डवेअर तेच पाकीट पुन्हा धाडतं. ड्रायव्हरला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही लागत नाही.

पत्ता लागतो तो कुणी चालू उपकरणाची केबल ओढली की. हात ओढत असतो तेव्हा बसवर दशकं उलटत असतात. उपकरण गेलं की त्याचं कुठलंही रजिस्टर वाचा, रिकाम्या बाकासारखे सगळे बिट एकच येतात. ‘कामात आहे’ हा बिट शून्य होईपर्यंत थांब, असं ड्रायव्हरमध्ये लिहिलेलं असेल, तर तो थांबला तो थांबलाच. त्यामुळे चाचणी घेणारे मुद्दाम केबली उपटतात, क्यूएमूसारख्या एम्युलेटरमध्ये खोटी उपकरणं उभी करून त्यांना खोटं बोलायला लावतात.

सगळं तपासून होईल, अशी आशा मात्र कुणी ठेवत नाही. प्रोसेसरच्या दोन कोअरवर ड्रायव्हरचे दहा-दहा पायऱ्यांचे दोन तुकडे एकाच वेळी चालू असतील, तर त्या पायऱ्या एकमेकींत १,८४,७५६ प्रकारे मिसळू शकतात. तिसरा तुकडा आला की साडेपाच लाख कोटी प्रकारे. एका मिलिसेकंदात एक प्रकार तपासला तरी पावणेदोनशे वर्षं लागतील (ही खरी वर्षं, आपल्या हिशेबातली नव्हेत). आणि त्यातला एखादाच प्रकार घातक असतो.

काही दोष तर नुसत्या वाट पाहण्यात दडलेले असतात. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ आकडे मावतात. दर मिलिसेकंदाला एक मोजला की ४९.७ दिवसांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. विंडोज ९५ आणि ९८ नेमक्या याच कारणानं ४९.७ दिवसांनी गोठू शकत. पण त्या काळी कुणाचा संगणक इतके दिवस सलग चालायचा? त्यामुळे दोष बराच काळ कुणाच्या नजरेत आला नाही. आपल्या हिशेबात हे ४९.७ दिवस भरतात सव्वाचार अब्ज वर्षांहून जास्त. पृथ्वीचं वय आहे सुमारे ४.५४ अब्ज.

एवढं थांबणार कोण? लिनक्सवाल्यांनी साधी युक्ती केली. त्यांचा जिफीज नावाचा घड्याळ-मोजक शून्यापासून सुरू होतच नाही; ३२ बिटांची मोजणी उलटायला पाच मिनिटं उरलेली असतात तिथूनच तो निघतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं वेळेची तुलना चुकीची केली असेल, तर संगणक सुरू केल्यावर पाच मिनिटांत भांडं फुटतं. बसच्या लेखी तोवर तीन लाख वर्षं झालेली असतात, आणि टेबलावरचा चहा अजून कोमट असतो.