सागरमाळाचं पाणी

ऑगस्ट २०१९. कोल्हापूर पाण्यात होतं आणि घराघरांतले नळ कोरडे होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्याही वर चढलं. उपसा केंद्रंच बुडाली, पंप बंद पडले. तेव्हा शिवाजी विद्यापीठानं आपल्या आवारात साठवलेलं, तिथंच शुद्ध केलेलं पाणी टँकरनं शहराला पुरवलं. नदीकाठच्या शहराची तहान उंच माळावरच्या संस्थेनं भागवली!

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचं उद्घाटन झालं, तेव्हा त्याची जागा असलेला सागरमाळ हा खरोखरचा माळ होता. डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. आज तिथं दाट झाडी आहे, विहिरी आणि शेततळी आहेत, भाषा भवनाजवळ आणि संगीतशास्त्र विभागाजवळ तलाव आहेत. शेजारीच राजाराम तलाव.

या माळाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. आवार ८५३ एकर, म्हणजे सुमारे ३४५ हेक्टर. कोल्हापुरात वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. हेक्टरभर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होतं. या हिशेबानं वर्षाकाठी जवळपास ३४५ कोटी लिटर पाणी या आवारावर पडतं. याउलट १००० चौरस मीटरच्या स्लॅबवरून, उडालेलं आणि सांडलेलं वजा जाता, ८ लाख लिटर हाती लागतं. अशा शंभर इमारती धरल्या तरी ८ कोटी. गच्चीवरचं पाणी स्वच्छ असतं, ते जरूर साठवावं. पण ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ म्हटलं की आपली नजर गच्चीवरून उतरलेल्या पाइपाशीच थांबते आणि खरं पाणी जमिनीवरून निघून जातं.

ते नुसतं जिरवावं, तर खाली दख्खनचा काळा पाषाण आहे. अखंड बेसाल्टच्या पोटात पाणी शिरत नाही. ते मावतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि ही जागा फार थोडी. आषाढातल्या सलग झडीत मुरूम तुडुंब होतो. त्यानंतरच्या पावसाला शोषखड्ड्यात वाव उरत नाही. म्हणून इथं चर, बांध आणि तलाव हवेतच. उतारावर पाणी थोपवायचं, गाळ वरच बसू द्यायचा, सखल जागी साठवायचं. पाऊस थांबल्यावर तलावातलं पाणी हळूहळू पाझरतं आणि खालच्या विहिरी रब्बीच्या दिवसांतही तग धरतात. उन्हाळ्यात उघड्या तलावाचं पाणी उन्हानं उडतं, त्यामुळे पसरट तलावापेक्षा खोल तलाव बरा.

याला खर्चापेक्षा लक्ष जास्त लागतं. मृगाआधी गच्च्या झाडायच्या, पन्हळी मोकळ्या करायच्या, पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडायचं, गाळणीतली वाळू-खडी धुवायची, तलावातला गाळ काढायचा. अनेक संस्थांच्या दारात योजनेचा फलक झळकतो आणि मागं पाइप मोडून लोंबकळत असतो. बांधकाम विभागानं उभारलं आणि पुढं कुणाकडेच सोपवलं नाही, की हे ठरलेलंच. ज्या विद्यापीठात भूगोल, पर्यावरणशास्त्र आणि तंत्रज्ञान शिकवलं जातं, तिथं विहिरींची पातळी दर महिन्याला मोजणं हा विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचाच भाग असायला हवा.

माझ्या मते विद्यापीठाकडची सर्वांत मोठी पाणीयोजना म्हणजे त्याची मोकळी जमीन. नवं वसतिगृह, रुंद रस्ता, पार्किंगचे पेव्हर ब्लॉक, प्रत्येक कामाचं समर्थन करता येतं. पण एखादा जरी ओहोळ भरावाखाली गेला, तरी खालच्या तलावाची आवक तुटते. हे नुकसान अंदाजपत्रकात कुठंच दिसत नाही. पुण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरातही विद्यापीठांकडे अशी विस्तीर्ण आवारं आहेत आणि भोवतालचं शहर त्या जागेकडे डोळे लावून बसलेलं आहे.

तेव्हा कुलगुरूंना, अधिसभा सदस्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती: यापुढं इमारतीचा नकाशा मंजुरीला आला, की त्यासोबत उताराचा आणि ओहोळांचा नकाशाही मागा. तो नसेल, तर मंजुरी देऊ नका.